लिंबोटीला मोडलेला सोमवार

उदगीर

बायकोने मला लोह्याकडे पाठवलं ते एक स्वयंपाकघर बघून यायला. लोक ताजमहाल बघायला जातात, कन्याकुमारीला सूर्य बुडताना बघतात. मी चार तवे आणि एक फ्रिज बघायला निघालो होतो.

झालं असं की आमची लेक पल्लवी नांदेडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिथं तिची अमोलशी ओळख झाली आणि एक दिवस तिने फोनवर सांगून टाकलं, लग्न करीन तर याच्याशीच. पोरगा चांगला आहे. शेतकी खात्यात नोकरी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, लिंबोटीच्या धरणाकाठी गाव, थोडं रान. मला काही खटकलं नाही. खटकलं ते शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला. आम्ही लिंगायत. आमच्या घरात आजवर कुणी अंडंही फोडलेलं नाही. अमोलचं घर मराठ्याचं, त्यात फौजी, त्यात धरणाच्या काठावर.

"जातीचं मी बघत न्हाई," शोभा म्हणाली. "पण ज्या तव्यावर मासळी भाजली त्याच तव्यावर माझ्या लेकीनं भाकर टाकायची? अय्यो शिवा! तुम्ही जावा. एक रात्र ऱ्हावा. फ्रिज उघडा, तवे हुंगा."

"हुंगू?"

"हुंगा. मासळीचा वास तव्यातनं जात न्हाई. आणि तुमच्या नाकाला दुसरं काम तरी काय हाय?"

उदगीरच्या बाजारात माझं दोरे, बटणं, लेस आणि साडीचे फॉल यांचं दुकान आहे. तीस वर्षांत माझा मोठ्यात मोठा प्रवास म्हणजे दुकानातल्या शिडीवरून वरच्या फळीपर्यंत. त्यामुळे लोहा म्हणजे मला परदेशच. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी निघालो. सोमवारी मी एकच वेळ जेवतो, तेही दिवेलागणीला; तरी शोभाने पिशवीत बारा धपाटे घातले. जणू लोह्याकडे भाकरीचा शोध अजून लागायचा होता.

मुखेड

मुखेडपर्यंतची एसटी भरलेली होती. सोयाबीन निघून गेलेलं, तूर कमरेला लागलेली, आणि खिडकीची काच प्रत्येक खड्ड्याला माझ्या कानाशी काहीतरी बोलत होती. शेजारी एक बाई मांडीवर वांग्यांची टोपली घेऊन बसली होती. धपाट्यांचा वास तिला आला. मी उपास सांगितला आणि डबा तिच्यापुढे केला. तिने तीन खाल्ले आणि मग माझी चौकशी सुरू केली.

"कुठं निघालाव?"

"लोह्याच्या पुढं. लिंबोटीकडं."

"पोरगी बघाया?"

"न्हाई. तवा बघायला."

मी सगळी हकीकत सांगितली. एसटीत अनोळखी माणसाला आपण जे सांगतो ते सख्ख्या भावाला सांगत नाही. बाईने चौथा धपाटा घेतला, विचार केला आणि म्हणाली, "तव्याचं काय खरं न्हाई दादा. तवा घासता येतंय. तुम्ही मांजर बघा."

"मांजर?"

"ज्या घरात मासळी शिजती तिथलं मांजर दूधभाताला तोंड लावत न्हाई. मांजर खोटं बोलत न्हाई. माणूस बोलतंय."

मुखेडला ती उतरली. जाताना मला एक वांगं दिलं. लोह्याच्या गाडीला अर्धा तास होता. स्टँडवर एका हातात वांगं आणि एका हातात पिशवी घेऊन उभं राहताना मला पहिल्यांदा वाटलं की मी खरोखरच प्रवासाला निघालोय.

सुभेदारांचं घर

लोह्याहून जीप. धरणाकाठच्या गावात उतरलो तर पारापाशी एक उंच, ताठ, पिळदार मिशांचा माणूस उभा. मला बघताच त्याने टाच आपटली.

"जय हिंद अप्पा!"

"शरणु शरणार्थी," मी म्हणालो आणि गडबडीत नमस्काराऐवजी वांगं पुढे केलं. सुभेदारांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, जणू मी उदगीरहून मानाची भेट आणली होती. आत जाऊन त्यांनी ते बायकोला दिलं आणि म्हणाले, "पाव्हण्यांनी आणलंय." वहिनींनी ते देवापुढे ठेवलं.

घर स्वच्छ, चुन्याने रंगवलेलं आणि इतकं शाकाहारी की मला संशय आला. ओसरीत दोन दुधी टांगलेले. कोनाड्यात पालेभाजी. चहा देता देता वहिनी चार वेळा म्हणाल्या, "आम्ही लई साधं खातोत, भाऊ." पाणी पिण्याच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात शिरलो. फ्रिजमध्ये दही, कोथिंबीर आणि पुन्हा दुधी. भिंतीला तीन तवे टांगलेले. मी इकडेतिकडे बघितलं आणि एका तव्याला नाक लावलं.

"काय बघायलाव भाऊ?" मागून वहिनी.

"भारी तवा हाय," मी नाक न हलवता म्हणालो. "कुठनं आणला?"

"लोह्याहून. काल," असं म्हणून वहिनींनी जीभ चावली. तव्याच्या दांड्याला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

मग मी मांजराकडे वळलो. पायरीवर एक बोका पसरला होता, लोडासारखा. वहिनींनी त्याच्यापुढे दूधभाताची वाटी ठेवली. त्याने वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, साक्षीदाराकडे बघतात तसं, आणि उठून निघून गेला.

दिवेलागणीला जेवण झालं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे भाजल्या धान्याचं मसालेदार पीठ, ते आमच्याकडेही करतात, पण त्यांच्याकडे लसूण जास्त. मी तीन वाट्या प्यायलो आणि पुढच्या तपासाला लागलो. मला सुभेदारांचीच खोली दिली होती. विभूतीची डबी उंबऱ्याशी पडून फुटली म्हणून मी एखादी रिकामी डबी मिळते का ते बघायला खिडकीतल्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं.

आत किडे होते. ओळीने मांडलेले. तपकिरी, राखाडी, हिरवे, पंख उभे केलेले, प्रत्येकाच्या पोटातून एक बारीक आकडा बाहेर आलेला. साठ-सत्तर तरी असतील. माझ्या डोक्यात आलं की फौजेतली माणसं बर्फात अडकली की काय मिळेल ते खातात म्हणे, आणि मग सवय सुटत नाही. मासळीचं विसरा, आता शोभाला हे कसं सांगायचं?

माझ्या तोंडून काय ओरडलं गेलं ते आठवत नाही. सुभेदार धावत आले.

"सुभेदार," मी पेटी पुढे धरली, "हे तुम्ही तळून खाता का तसेच?"

ते आधी पेटीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले आणि खाटेवर बसले. "अप्पा, हे खायाचे न्हाईत. पिसाचे हायेत. कोंबड्याचं पीस आणि दोरा. हात लावून बघा."

मी लावला. खरंच पीस होतं. आणि दोरा रेशमी, गाठ मात्र अगदी गचाळ. धंद्याची सवय, तेवढं लगेच दिसलं.

मग सगळं बाहेर आलं. सुभेदार काश्मीरला होते तेव्हा एका कर्नलसाहेबांची गाडी चालवायचे. साहेबांना तिथल्या ओढ्यात ट्राउट नावाचा ठिपक्यांचा मासा धरायचा नाद. गांडूळ नाही, कणीक नाही; पिसाची खोटी माशी पाण्यावर अलगद टाकायची आणि मासा फसवायचा. रात्री नदीतून खऱ्या माशा निघाल्या की ट्राउट वेडा होऊन वर येतो, त्यातच ही सोडायची. साहेबांनी निवृत्त होताना आपली मासे धरायची काठी यांना दिली. दहा वर्षं झाली, सुभेदार ती काठी घेऊन लिंबोटीच्या काठावर उभे राहतात.

"लिंबोटीत ट्राउट आहे?"

"न्हाई. रोहू हाय, कटला हाय, चिलापी हाय. पण माशा त्याच. मेफ्लाय म्हणतेत साहेब लोकं."

"मे महिन्यातल्या? मग ऑक्टोबरात कशा?"

"त्यांच्याकडं कॅलेंडर नसतंय अप्पा."

मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. "म्हणजे तुम्ही मासे धरता."

"धरतो."

"आणि खाता."

सुभेदारांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "धरतो आणि सोडतो," ते म्हणाले. "साहेबांची शिकवण. माशाचा मुका घ्यायचा आणि पाण्यात सोडून द्यायचं."

"मुका?"

"घेतलाच पाहिजे असं न्हाई."

माझा विश्वास बसला नाही आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार. सुभेदार उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला. "चला. आज वारं पडलंय, माशा निघणार. आपल्या डोळ्यानं बघा मी मासा सोडतो का न्हाई. आणि मग घरी जाऊन खरं काय ते सांगा."

पोरीच्या लग्नाचा निकाल आता एका माशावर येऊन थांबला होता. मी टोपी घातली.

काठावर

सुभेदारांनी छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, खांद्याला पट्टे. चालताना ती फचक-फचक वाजायची. मी पायजमा, नेहरू शर्ट आणि टोपी. बॅटरीच्या उजेडात बांधावरून गेलो तर समोर पाणीच पाणी, काळं, पलीकडचा काठ नाही. उदगीरला आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं. एवढं पाणी कुणी झाकण न घालता उघडं ठेवलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

काठाला पत्र्याची खोपी होती आणि खोपीत मारोतराव. मच्छीमार सोसायटीचे राखणदार, साठीचे, जाळी विणत बसलेले. त्यांनी बांबूला बांधलेला दिवा पाण्यावर झुकवून ठेवला होता.

"आलाव का सायेब," ते म्हणाले. "आज कोण? नवीन भरती?"

"आमचे होणारे ईवाई, अमोलचे सासरे. वाणी हायेत. माळकरी म्हणा."

मारोतरावांनी मला पायांपासून टोपीपर्यंत बघितलं. "आन् मासे धराया आलेत?"

"धरून सोडायला," मी म्हणालो.

"मंग धरायचे कशाला?" त्यांनी जाळं खाली ठेवून मनापासून विचारलं. मी सुभेदारांकडे बघितलं, सुभेदार पाण्याकडे बघत होते. या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

थोड्या वेळाने दिव्याभोवती दोन-तीन माशा आल्या. फिकट, बारीक, पंख शिडासारखे उभे, मागे केसाएवढ्या दोन शेपट्या. मग पन्नास झाल्या. मग मोजायचं कारण उरलं नाही. पाण्यातून वर येत होत्या, पंख झाडत होत्या आणि सरळ दिव्यावर. दिव्याभोवती उकळी आल्यासारखं झालं. माझ्या चष्म्यावर माशा, बाहीवर माशा, टोपीला तर झालर लागली.

"दोन वरसं चिखलात राहते ही," सुभेदार हळू आवाजात सांगत होते. "मग एक रात बाहेर. लगीन करायचं आणि मरायचं. तोंडच नसतंय हिला, अप्पा. पंख फुटले की मरेस्तोवर काय खायचं न्हाई."

"अरे वा!" मी म्हणालो.

वा म्हणायला तोंड उघडावं लागतं. उघडलं आणि तीन आत गेल्या. ठसका लागला, श्वास आत ओढला, आणखी एक गेली. मारोतरावांनी पाठीत गुद्दा घातला, त्याने त्या बाहेर यायच्या त्या खाली उतरल्या.

मी वाळूत बसलो. सोमवार. सात पिढ्या. चार माशा.

"सुभेदार," माझा आवाज बसला होता, "मी मांसाहार केला."

सुभेदारांनी गंभीरपणे विचार केला. "जिला तोंडच न्हाई ती जन्मात काही खात न्हाई. म्हणजे ती कायमची उपाशी. उपासाचं उपासाला चालतंय."

"साबुदाण्यासारखं," मारोतराव म्हणाले.

याने मला किती धीर आला ते सांगता येणार नाही. तेवढ्यात पाण्यावर आवाज यायला लागला. टप्. मग पलीकडे टप्. कुणीतरी खालून ओठांनी माशा टिपत होतं. सुभेदारांचा श्वास बदलला. त्यांनी काठी जोडली, पेटीतून एक फिकट पीस निवडलं आणि दोरा आकड्याच्या नेढ्यात ओवायला लागले.

ओवायला लागले ते लागलेच. दोरा नेढ्याच्या डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा, थुंकी लावून परत. पाण्यावर टप्, टप्. दिव्याच्या उजेडात त्यांच्या कपाळावर घाम दिसला. तीस वर्षं माझ्या दुकानात म्हाताऱ्या बाया सुई-दोरा घेऊन आल्यात आणि "हवा लई हाय" म्हणत अशाच ओवत राहिल्यात. मी त्यांच्या हातातून दोरा घेतला. एका खेपेत ओवला, पाच वेढे दिले, गाठ ओढली, उरलेला दोरा दाताने तोडला.

सुभेदारांनी गाठ बोटाने चाचपली. "ही गाठ साहेबांना जमत न्हवती," ते म्हणाले.

"कधीपासून दिसत न्हाई?"

"दोन वरसं झाली. घरी बोलू नका. मोतीबिंदू म्हणून नांदेडला नेऊन डोळे कापतेल."

मग ते पाण्यात शिरले आणि काठी फिरवायला लागले. ते मात्र बघण्यासारखं होतं. पिवळा जाड दोर डोक्यावरून मागे जायचा, सरळ व्हायचा, पुढे जायचा, पुन्हा मागे. हवेत कुणी सावकाश मोडी लिहावी तसं. तिसऱ्यांदा दोर मागे आला तो माझी टोपी घेऊनच पुढे गेला. टोपी माशांच्या ढगातून उडत दिव्याखाली पाण्यावर पडली आणि होडीसारखी तरंगायला लागली.

"कशाला अडकलं?" सुभेदारांनी विचारलं. त्यांना दिसतही नव्हतं.

"माझ्या टोपीला."

"हलू नका. ही धरा काठी, ओढू नका. मी टोपी आणतो." माझ्या हातात काठी देऊन ते छातीभर पाण्यात गेले, टोपी पकडली, चाचपडत आकडा सोडवला आणि पिसाची माशी पाण्यावर टाकून दिली.

त्यांच्या छातीपासून दोन हातांवर पाणी फुटलं.

काठी माझ्या हातात कमान झाली. काठीचं दोर गुंडाळायचं चक्र किंचाळायला लागलं. मीही.

"लागला!" सुभेदार ओरडले. "ढील दो! ढील दो!"

"कुणाला?"

"माशाला! डोर छोड दो! अब खींचो! मत खींचो!"

फौजेची हिंदी त्यांच्या तोंडून गोळीबारासारखी निघत होती आणि मला एकही हुकूम पुरता कळत नव्हता. पाय घसरला. गुडघाभर, मग कमरेभर पाण्यात गेलो. एका हाताने गळ्यातलं लिंग धरलं, एका हाताने काठी. मागून मारोतरावांनी माझ्या पायजम्याची नाडी पकडली. नाडी माझ्याच दुकानातली होती म्हणून टिकली. पलीकडे कुणीतरी जिवंत होतं. ते खाली जायचं, मला त्याचा धक्का मनगटात, दंडात, थेट बरगडीत कळायचा. ते थांबलं की मी थांबायचो. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल. पल्लवीच्या आईचंसुद्धा.

किती वेळ गेला ते ठाऊक नाही. शेवटी सुभेदारांनी खालून दोन्ही हात घालून त्याला उचललं. रोहू. तीनेक किलोचा, खवल्यांवर तांबूस झाक, ओठाच्या कडेला आमचं पीस.

"पाव्हण्यांच्या हातचा," मारोतराव म्हणाले. "सायेब, चूल पेटवू?"

सुभेदार मासा पाण्यात धरून उभे होते. ते त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी ओळखली. आमच्या दुकानात बाया पैठणी काठाच्या लेसकडे तशा बघतात. मग ते म्हणाले, "अप्पा, एक खोटं बोललो."

"सोडत न्हाई तुम्ही."

"सोडायची पाळीच आली न्हाई कधी. दहा वरसात ह्या काठीला इथं एक मासा लागला न्हाई. हा पहिला." "आणि खातो बी. रविवारी गोठ्यात चूल मांडतो, मारोतरावाच्या जाळ्यातला आणून मी स्वतः करतो. जुने तवे गोठ्यात हायेत. घरातल्या चुलीला आजवर लावला न्हाई, एवढं मात्र आईशपथ खरं. आता तुमचा मासा हाय. तुम्ही सांगाल तसं."

मी मासा हातात घेतला. थंड, जड, आणि एकदम शांत. लिंगायत माणसाने अशा वेळी झटकन त्याला सोडायला हवं. खरं सांगतो, मला सोडवेना. खायचा विचार स्वप्नातही नव्हता, पण उद्या उदगीरच्या बाजारात कोण विश्वास ठेवणार? आणि विश्वास ठेवला तर मी तोंड कुठे लपवणार? दाखवावा तर पाप, न दाखवावा तर त्याहून वाईट.

"एक फोटो काढा," मी म्हणालो.

माझा फोन खिशात होता, म्हणजे धरणात होता. तो त्या रात्री मेला. सुभेदारांचा बटणांचा. मारोतरावांनी आपला फोन काढला, दिवा जवळ ओढला. मी हसलो असणार.

मग पाण्यात बसलो आणि हात उघडले. रोहू क्षणभर तसाच राहिला, जणू त्यालाही पटत नव्हतं. मग शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर मारून गेला. मारोतराव हळहळले. सुभेदार काठावर माझ्या शेजारी येऊन बसले. दोघांच्याही अंगातून पाणी गळत होतं.

"तुमच्या तव्याचं मी शोभाला सांगणार," मी म्हणालो. "खोटं बोलून सोयरीक व्हायची न्हाई."

"सांगा."

"माझ्या चार माशांचंही सांगतो."

"ते कशाला?" सुभेदार म्हणाले. "ते तर उपासाचं होतं."

परत

सकाळी वहिनींनी मला गोठ्यात नेलं, बाजेखालून दोन काळे तवे काढले आणि माझ्यापुढे धरले. "घ्या. हुंगा. काल उगं नव्या तव्याला नाक लावून बसलाव." शेजारी तो बोका मान वर करून बसला होता, त्याचा शब्द खरा ठरला म्हणून. मी तवे हुंगले. शोभाचं बरोबर होतं, वास जात नाही.

वाटेत काही विशेष घडलं नाही, फक्त ओला पायजमा वाळला आणि मी भाषण तयार केलं. आधी गोठ्याचं सांगायचं, मग चूल वेगळी हे, मग हळूच धरणाचं. माशांचं एकदम शेवटी, जेवण झाल्यावर.

घरी पोचलो. शोभाने पाणी दिलं आणि आपला फोन माझ्यापुढे धरला. मारोतरावांनी फोटो स्टेटसला ठेवला होता. तो अमोलने बघितला, त्याने पल्लवीला पाठवला, पल्लवीने आईला. मी पोचायच्या आधी मासा उदगीरला पोचला होता.

मी भाषण विसरलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. गोठा, जुने तवे, चार माशा, सोमवार, नाडी. ती फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिली.

"सोडला का?"

"सोडला."

"मंग असं पोटाशी काय धरलंय? पल्लवी झाली तवा बी तुम्ही तिला असं धरलं न्हवतं."

ती उठली, आत गेली, आणि मला वाटलं संपलं. बाहेर आली ती फोनवर बोलतच. पलीकडे वहिनी होत्या.

"हाव हाव, चूल गोठ्यात हाय म्हणलेत. मंग गोठ्यातच ऱ्हाऊ द्या. घरात आणू नका, माझं एवढंच. पोरांचं आपण ठरवून टाकू... पण वहिनी, एक अट हाय. आमच्या माणसाला परत धरणावर न्यायचं न्हाई. सर्दीनं बेजार हायेत."

पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला. "मी तेच म्हणणार होते बाई! आमच्या ह्यांचं बी आता बंद. मारोतरावानं ह्यांच्या डोळ्याचं सांगितलं, आजच नांदेडला डॉक्टरकडं नंबर लावलाय!"

दोघी खूप हसल्या. मग शोभाने फोन माझ्याकडे दिला, "घ्या, ईवाई बोलतेत."

पलीकडे सुभेदार. अभिनंदन दोघांपैकी कुणीच केलं नाही. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "अप्पा, आसपास कुणी हाय?"

"हाव."

"मग नुसतं ऐका. अंधारी रात असली की माशा दुप्पट येतेत. ह्या महिन्याची अमावास्या कधी हाय, बघून सांगा. मला बारीक अक्षर दिसत न्हाई."

मी फोन कानाला धरूनच भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि खण शोधायला लागलो.

"आत्ताच काय बघायलाव?" शोभाने आतून विचारलं.

"मुहूर्त," मी म्हणालो.

ती पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्या खांद्यावरून वाकली, आणि माझं बोट कुठल्या खणावर आहे ते तिने बघितलं.